मुलावर आवाज चढतो तेव्हा: आईबाबांनो, या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरातलं मूल ५९ हा आकडा तीन तऱ्हेनं शिकतं. घरी एकोणसाठ, शाळेत फिफ्टी-नाइन आणि हिंदीच्या वहीत उनसठ. तिसरीतल्या माझ्या मुलानं एका संध्याकाळी ‘उनसठ’समोर ६९ लिहिलं. तिसऱ्यांदा तेच लिहिल्यावर मी वही हिसकावली आणि पान मधोमध फाटलं. तो रडला नाही. दोन्ही तुकडे जुळवून धरले आणि इकडेतिकडे चिकटपट्टी शोधायला लागला. ते शोधणारे हात अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तेव्हा मला वाटलं, याचं लक्षच नसतं. माझी पहिली चूक तीच. भडका जिथे उडतो तिथेच आपण कारण शोधतो. त्या दिवशी मी पाच तास झोपले होते, ऑफिसात ऑडिट होतं, भंवरकुआँच्या गर्दीत बराच वेळ अडकले होते आणि दुपारपासून पोटात फक्त चहा होता. घरात पाऊल टाकून दहा मिनिटंही झाली नव्हती तोच वही उघडली. उनसठ हे फक्त निमित्त झालं.

शरीराचं गणित साधं आहे. ताण आला की अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, अंग लढाईच्या तयारीत येतं. अशा वेळी मेंदूचा सबुरीनं विचार करणारा भाग मागे पडतो. म्हणून त्या क्षणी ‘शांतपणे समजावून सांगा’ हा सल्ला कितीही खरा असला तरी जमत नाही. जे करायचं ते आधीच्या तासात करायला हवं.

मी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं: आवाज कधी चढला, आदल्या रात्री झोप किती, शेवटचं कधी खाल्लं. बहुतेक वेळा उत्तर एकच आलं, संध्याकाळी सात ते आठ, उपाशीपोटी. आता घरी आले की हातपाय धुणं, दोघांनी मिळून वाटीभर काहीतरी खाणं, आणि वीस मिनिटं वहीचं नावही काढायचं नाही. तरीही पारा चढलाच तर मी उठून ओट्यापाशी जाते, पाणी पिते आणि श्वास आत घेण्यापेक्षा सावकाश बाहेर सोडते. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती खाली येते. जाताना मुलाला “मी दोन मिनिटांत येते” एवढं सांगून जावं, नाहीतर त्याला वाटतं आई रुसली.

रुसण्यावरून आठवलं. अबोला ही आपल्या घरांतली फार जुनी शिक्षा. ओरडले नाही, मारलं नाही, फक्त बोलले नाही, यात काय वाईट? वाईट आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईनं काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवायचा. बाळ आधी हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. आई तशीच राहिली की कासावीस होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. शाळकरी मूल तान्हं नसतं हे खरं, पण आईबाबांचा बंद चेहरा त्यालाही उलगडत नाही. ते स्वतःलाच दोषी धरतं.

मग काय करावं? ओरडून झालं असेल तर त्याच रात्री जवळ घेऊन साध्या शब्दांत माफी मागावी. “मी ओरडले, वही फाडली, ते चुकलं. उनसठ अवघडच आहे. उद्या परत बघू.” त्यापुढे ‘पण तूसुद्धा’ जोडलंत की माफी संपली. आणि माफीऐवजी ‘छप्पन दुकान’ या इंदूरच्या खाऊगल्लीत नेऊन आइस्क्रीम खायला घालू नका. आइस्क्रीम वेगळ्या दिवशी खावं, नुसतं आनंदासाठी.

‘मदत’ हा शब्दही घरातून काढून टाका. बाबा मदत करतात म्हणजे काम आईचंच राहतं आणि आठवण ठेवण्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर. पूर्ण काम वाटून द्या. डबा बाबांकडे, म्हणजे उद्या काय द्यायचं हे ठरवण्यापासून रात्री डबा घासायला टाकेपर्यंत. घरात सासूबाई असतील तर मोकळेपणानं विचारा, “आई, सात ते साडेसात तुम्ही त्याला गोष्ट सांगाल का?” आणि एकदा सोपवलं की मागे उभं राहून चुका काढू नका. मला हेच सगळ्यात जड गेलं.

झोपेचं थोडक्यात सांगते: मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास हवेत. मुलं निजल्यावरचा ‘माझा वेळ’ मोबाइलवर बारापर्यंत गेला की त्याचं व्याज दुसऱ्या संध्याकाळी मूल भरतं.

शेवटची चूक ताण लपवण्याची. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल देशाला सल्ला देणारे प्रमुख सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२४मध्ये पालकांच्या ताणाबद्दल जाहीर इशारा दिला. बहुतेक दिवशी ताण पार असह्य होतो असं सांगणारे पालक तिथे ४८ टक्के होते, इतर प्रौढांत हेच प्रमाण २६ टक्के. म्हणजे यात तुमच्या एकटीच्या संस्कारांचा दोष नाही. मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागली असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या ताणाबद्दलही तिथे बोला. बाळंतपणानंतरचा रडवेपणा दोन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल तर सव्वा महिना संपायची वाट पाहू नका. आणि हात उगारला जात असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर आजच १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस नावाची मानसिक आरोग्याची फोनसेवा, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत आणि चोवीस तास. काय बोलावं सुचत नसेल तर एवढंच सांगा: मला मुलावर फार राग येतो आणि तो आवरत नाही.