कॅल्साईटच्या आत प्रकाश कसा परततो, घरी बघायची पद्धत

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय, आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात. पण कॅल्साईट या पारदर्शक खनिजाच्या आत किरण त्याच्या बाजूच्या भिंतीवर आपटला की तसं होतंच असं नाही, आणि एकाचे दोन किरण होऊन परत फिरतात. मी ऐरोलीत आमच्या घरातल्या पॅसेजमध्ये, सगळे दरवाजे लावून, हे कितीतरी वेळा बघितलंय.

आधी आरपार दिसणारा, सपाट बाजूंचा कॅल्साईटचा तुकडा मिळवा, दुधाळ नको. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साईट सापडतो, पण साफ तुकडा विकतच घ्यावा लागतो. जपून हाताळा, किल्लीनेसुद्धा चरा जातो, आणि लिंबू, व्हिनेगर अजिबात लावू नका, पृष्ठभाग खातं ते.

कागदावर पेनाने ठिपका काढून त्यावर तुकडा ठेवा, दोन ठिपके दिसतील. तुकडा हळूहळू फिरवा, एक जागेवर राहतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. जागेवरचा साधा किरण, फिरणारा असाधारण. साध्याचा अपवर्तनांक (हवेपेक्षा आत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा) 1.658, असाधारणाचा मात्र दिशेप्रमाणे 1.486 पासून 1.658 पर्यंत बदलतो, सगळी गंमत इथेच आहे.

आता स्टेशनबाहेर मिळतो तसला लाल लेझर पॉइंटर घ्या, कमी पॉवरचाच, आणि मुलांना बाजूला बसवा कारण ठिपके कुठेही उडतात, डोळ्यात जायला नकोत. वरच्या बाजूने तिरका मारा, असा की किरण आत शिरून बाजूच्या भिंतीवर आतून आपटेल आणि खालून बाहेर पडून कागदावर येईल. ती भिंत आतून अगदी आरशासारखी चमकते, कारण साध्या किरणासाठी आपतन कोन 37 अंशांच्या पुढे गेला की पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे प्रकाश बाहेर न पडता सगळाच आत परततो. आत शिरताना एकाचे दोन झालेले असतात, भिंतीवर त्या प्रत्येकाचे परत दोन, म्हणजे कागदावर चारपर्यंत ठिपके! लगेच नाही दिसले तर तुकडा थोडा थोडा फिरवत राहा, काही दिशांना त्यातले दोन जवळजवळ गायब होतात.

पॉइंटर स्वतःच्याच अक्षावर फिरवून बघा, पेन्सिल बोटात फिरवतो तसा. बऱ्याच लेझरचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, म्हणजे त्याचं कंपन एकाच दिशेत असतं, त्यामुळे काही ठिपके उजळतात, काही मंदावतात, सगळे नीट दिसतील तिथे थांबवा. मग पोलराईज्ड गॉगलची एक काच तुकडा आणि कागद यांच्या मध्ये धरून फिरवा, साधे आणि असाधारण आळीपाळीने विझतात.

असं का होतं? कळव्याच्या खाडीची भिंत आठवा, तिरक्या येणाऱ्या लाटांचे माथे भिंतीवर जेवढ्या अंतराने टेकतात, परत फिरणाऱ्या लाटांचेही तेवढ्याच अंतराने टेकले पाहिजेत. खरा नियम एवढाच आहे. पाण्यात लाटेचा वेग सगळ्या दिशांना सारखा, म्हणून कोनही सारखे येतात, पण कॅल्साईटमध्ये असाधारण किरणाचा वेग दिशेवर असतो, मग ते अंतर जुळवायला त्याला वेगळ्या कोनातून परतावं लागतं.

विल्यम निकोल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1828 मध्ये दोन्ही किरणांमधला हाच फरक वापरला, कॅल्साईट कापून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकासारख्या राळेने परत चिकटवला. बाल्समचा अपवर्तनांक साधारण 1.55, त्यामुळे साधा किरण त्या थरावरून पूर्ण परावर्तित होऊन बाजूला जातो आणि असाधारण तेवढा सरळ पुढे निघतो.