पुस्तकं टेबलावरून उचलली जावीत म्हणून: शाळेच्या वाचनालयातली मांडणी

मांडणी करायची म्हटलं की आधी कार्डशीट आणि चमकीची खरेदी होते. आठवडाभर थर्माकोलची अक्षरं कापली जातात आणि शेवटी त्या सजावटीच्या पायथ्याशी चार पुस्तकं टेकवली जातात, वर ‘हात लावू नये’ ही पाटी! मुलांनी पुस्तक उचलून घरी न्यावं, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. म्हणून सुरुवात कपाटापासून करा.

विषय अरुंद घ्या. ‘निसर्ग’ या नावाखाली काहीही मांडता येतं आणि कोणीच थांबत नाही. त्याऐवजी प्रश्न विचारा: ‘मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री कोण येतं?’ उत्तर ऑलिव्ह रिडले कासव. थंडीच्या महिन्यांत ही कासवं गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात, म्हणजे ही मांडणी जानेवारीत शोभते. मग समुद्रावरचं माहितीचं पुस्तक, प्राण्यांच्या गोष्टी, एखादा कवितासंग्रह, नकाशांचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कात्रण असं सगळं एकत्र येतं. दहा-पंधरा पुस्तकं पुरेत.

आपल्याकडे गोव्यात बहुतेक हायस्कुलांत माध्यम इंग्रजी, त्यामुळे मराठी, कोंकणी, हिंदी पुस्तकं आपापल्या कपाटांत मुकाट बसलेली असतात. मांडणीत ती शेजारीशेजारी ठेवा. मराठीच्या तासाला कंटाळणारं मूल कासवाच्या चित्रासाठी मराठी पुस्तक हातात घेतं. भाषेच्या कपाटाकडे ते कधीच वळलं नसतं.

दिनविशेष जपून वापरा. 18 जूनचा गोवा क्रांतिदिन, 12 ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, 19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या तारखा सोयीच्या खऱ्या, पण त्यांचं रूपांतर हार घातलेल्या तसबिरीत फार लवकर होतं. ग्रंथपाल दिनाला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोबरोबर छपाईचा विषय घ्या. 1556 मध्ये जुन्या गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, हे मोठ्या अक्षरांत लिहा आणि शेजारी शाईचं पॅड व रबरी ठसे ठेवा. आपलं नाव स्वतः छापायला मुलं रांग लावतील; रांगेत उभं असताना पुस्तकं चाळली जातातच.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुटीआधी माटोळी करून पाहा: गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट. हलकी लाकडी चौकट टेबलावर टांगा आणि मुलांनी रंगवलेले कागदी नारळ, सुपारीचे घड, केळी, रानफळं दोऱ्याने बांधा. खरी फळं नकोत. मुंग्या आणि बुरशी पुस्तकांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. प्रत्येक फळामागे एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर खालच्या एखाद्या पुस्तकात सापडेल. चौकट पंख्यापासून दूर हवी.

जागा आणि उंची. दाराजवळ किंवा पुस्तक देण्या-घेण्याच्या टेबलाशेजारी. पाचवीच्या मुलाच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा हीच खरी जागा. त्याच्या वरचं फक्त शिक्षकांना दिसतं. रिकामे खोके पालथे घालून पायऱ्या करा आणि वर कापड पसरा. कुणबी साडीच्या लाल चौकड्यांचं जुनं कापड मिळालं तर उत्तमच, पण मग बाकी रंगांना आवर घाला. पुस्तकं कण्याकडून दिसतील अशी रचू नका, मुखपृष्ठ समोर हवं. ताटल्यांचे छोटे स्टँड यासाठी स्वस्तात काम करतात. एखादं पुस्तक चांगल्या चित्राच्या पानावर उघडं ठेवा. मथळ्याची अक्षरं दोन-तीन इंचांची असावीत. वेलांट्या, मात्रा चिकटल्या की दारातून काहीच वाचता येत नाही.

पावसाळ्यात चिकटपट्टी दुसऱ्याच दिवशी सुटते आणि कार्डशीट वळते. सॉफ्ट बोर्डला टाचण्या लावा, नाहीतर सुतळी आणि चिमटे. ओल आलेल्या भिंतीला पुस्तकं टेकवू नका. उन्हाळ्यात खिडकीतल्या थेट उन्हाने मुखपृष्ठं विटतात, तेही टाळा.

थोडं गुपित. सात-आठ पुस्तकं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर तीन सुगावे लिहा: ‘एक बेट, एक चोर, कुत्रा मात्र शहाणा.’ बाहेर दाखल क्रमांक लिहायला विसरू नका, नाहीतर पुस्तकाची नोंद करताना गुपित फुटतं. सुगावे आठवी-नववीच्या मुलांकडून लिहून घ्यावेत. मोठ्यांनी लिहिले की त्यात हमखास बोध शिरतो.

मांडणी जिवंत ठेवा. टेबलावर पोकळी दिसली की समजा काम होतंय, पण ती तशीच राहू देऊ नका. त्याच विषयाची पाच-सहा पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवा. कोणती पुस्तकं गेली याच्या खुणा एका कागदावर करत जा. दोन-तीन आठवड्यांत मांडणी बदला. एकट्या ग्रंथपालाला ते जड जात असेल तर दरवेळी एकेका वर्गाकडे काम सोपवा.

उतरवताना फोटो काढा, अक्षरं पाकिटात घालून वर विषय लिहा, कापड घडी करून ठेवा. आणि ज्या पुस्तकांना कोणीच हात लावला नाही, ती लगेच कपाटात परत नेऊ नका. पुढच्या मांडणीत दुसऱ्या प्रश्नाखाली, पुढच्या रांगेत एकदा ठेवून बघा.