भाड्याच्या फ्लॅटचा हिशेब: ३१ मार्चच्या आधी काय काय हाताशी हवं

सगळ्यात आधी फ्लॅटसाठी वेगळं बचत खातं उघडा. भाडं तिथेच जमा व्हावं आणि मेंटेनन्स, मिळकतकर, प्लंबरचे पैसे तिथूनच जावेत. घरखर्चात भाडं मिसळलं की वर्षअखेरीला काहीच हाती लागत नाही, हे मी दोन वर्षं भोगलं आहे. डिपॉझिट मात्र कमाईत धरू नका. ते परत करायचं असतं, म्हणून त्याची एफडी करून ठेवलेली बरी.

मग फाईल लावा. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीची बिलं, मिळकतकराची पावती, बँकेचा गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे भाडेकरार, एवढं तिच्यात हवंच. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ते केलं नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. सोसायटीचं बिलही नीट वाचा. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात मिळकतकर धरायचा नसतो.

आता खरा आकडा काढू. समजा, पुण्यात ७० लाखांचा फ्लॅट घेतला आणि भाडं महिना २२ हजार येतं. वर्षाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे पावणेचार टक्के, असं आपण सांगत सुटतो. पण ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख ९० हजार, नोंदणीचे ३० हजार आणि फर्निचरचे १ लाख ८० हजार धरले की गुंतवणूक ७७ लाखांवर जाते. एक महिना फ्लॅट रिकामा राहिला, तर भाडं येतं २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार, नॉन-ऑक्युपन्सीचे ३,६००, मिळकतकराचे १४ हजार, एजंटचे २२ हजार आणि रंग-दुरुस्तीचे १२ हजार गेले. उरले १ लाख ५४ हजार ४००. म्हणजे जेमतेम २ टक्के, तेही आयकर आणि कर्जाचं व्याज धरण्याआधी. तुमच्या आकड्यांनी हे गणित एकदा तरी कागदावर कराच.

आयकराचा हिशेब निराळा असतो. भाड्यातून मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कितीही असो. मिळकतकराची वजावट मात्र ज्या वर्षी तो भरला त्याच वर्षी मिळते, म्हणून थकबाकी असेल तर ती ३१ मार्चच्या आत भरून टाका. कर्जाच्या व्याजामुळे भाड्याच्या हिशेबात तोटा दिसला, तरी नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने भाडं देतानाच कापलेला कर (टीडीएस) २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या नोंदीत, दिसतो का ते पाहा. मुलं परदेशात असतील आणि फ्लॅट त्यांच्या नावावर असेल, तर ही ५० हजारांची मर्यादा लागू होत नाही आणि कपातीचा दरही बराच जास्त असतो. भाडेकरूला हे आधीच सांगा.

शेवटी कॅलेंडरवर करार संपण्याच्या दोन महिने आधीच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी भाडेकरूला फोन करून राहणार की सोडणार, एवढं विचारून घ्या.