सावित्रीची गोष्ट नीट कशी वाचावी

पुराणकथा हातात आली की आपण आधी तात्पर्य शोधतो. शाळेनं लावलेली सवय. पण तात्पर्य आधीच ठरलेलं असलं की कथेत वेगळं काही दिसेनासं होतं. म्हणून सगळ्यांना पाठ असलेली, आणि त्यामुळेच फारशी कुणी न वाचलेली सावित्रीची गोष्ट घेऊ.

सुरुवात मूळ कथेपासून करा. महाभारताच्या वनपर्वात ती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या पाठात) अध्याय 277 ते 283. संस्कृत येत नसेल तर मराठी भाषांतर चालेल, मात्र संक्षिप्त नको. वाचताना आपल्याला माहीत असलेलं काय काय तिथे नाही, ते टिपत जा. वटपौर्णिमेचा वड नाही. सात जन्म हाच पती मिळो, हे मागणंही नाही. (पळस आहे, पण तो घरी परतताना वाट कुठे फुटते ते सांगायला.) वड आला नंतरच्या व्रतकथेतून. म्हणून व्रतकथा खोटी ठरत नाही. ती निराळी कथा आहे, निराळी वाचावी.

मग कथा कोण, कुणाला, कधी सांगतंय ते पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मार्कंडेय ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात, वनवासात, जयद्रथानं द्रौपदीला पळवून नेल्याच्या प्रसंगानंतर. युधिष्ठिर म्हणतो, मला स्वतःचं, भावांचं किंवा राज्याचं एवढं दुःख नाही जेवढं द्रौपदीचं आहे. द्यूतात आम्ही संकटात सापडलो तेव्हा तिनंच आम्हाला तारलं. कसं तारलं? धृतराष्ट्राकडे वर मागून. आता सावित्रीकडे वळा: तीही वर मागूनच नवऱ्याला सोडवते. ऐकणाऱ्याच्या घरात जे घडलं त्यालाच ही कथा उत्तर देते आहे.

यानंतरचं काम सावकाश करायचं. कथेत परत परत काय येतं ते शोधा, आणि ते कुठे तुटतं तिथे थांबा. यम सत्यवानाचा अंगठ्याएवढा जीव घेऊन निघतो, सावित्री मागे चालू लागते आणि बोलू लागते. सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते, असं जाणते म्हणतात. त्या मैत्रीच्या नात्यानं बोलते, ऐका. यम खूश होतो: वर माग, पण याचा जीव सोडून दुसरा कुठलाही. ती सासऱ्याची दृष्टी मागते. पुन्हा बोलते, पुन्हा वर, पुन्हा तीच अट. सासऱ्याचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र. मध्येच यम म्हणतो, तहानेल्याला पाणी मिळावं तसं तुझं बोलणं आहे. पाचव्या वेळी तो भारावून ‘अप्रतिम वर माग’ म्हणतो आणि अट घालायला विसरतो. सावित्री ते लगेच पकडते: इतर वरांत घातलेला अपवाद या वरात नाही, तेव्हा सत्यवान जगू दे. शिवाय चौथा वर तर आधीच दिलेला, तो नवऱ्यावाचून खरा कसा होणार? भरभर वाचलं तर हे सगळं ‘यम प्रसन्न झाला’ या तीन शब्दांत संपतं.

आता तुमचा अर्थ एका वाक्यात लिहा आणि त्याला कथेतल्या ओळीचा आधार द्या. समजा लिहिलंत, ‘सावित्री पातिव्रत्यानं नव्हे, बुद्धीनं जिंकते.’ ऐकायला झकास. पण अडचणीची ओळ शोधा: यम सुरुवातीलाच म्हणतो, तू पतिव्रता आहेस, तपस्विनी आहेस, म्हणून मी तुझ्याशी बोलतोय. तीन रात्रींचं कडक व्रतही तिनं केलेलं आहे. तेव्हा वाक्य दुरुस्त करावं लागतं. माझ्या मते व्रतामुळे तिला यमाशी बोलायची संधी मिळते, वर मात्र ती बोलण्यातून मिळवते. तुमचं वाक्य वेगळं निघालं तर हरकत नाही, फक्त त्याखाली ओळ दाखवता आली पाहिजे.

पुढचा सराव कठोपनिषदातल्या नचिकेतावर, यमाच्या दारी गेलेल्या मुलाच्या गोष्टीवर करा. तिथेही यम आहे आणि तीन वर आहेत. पहिले दोन तो सहज देतो. तिसऱ्याला मात्र हत्ती, घोडे, सोनं देऊ करून टाळू पाहतो. का, ते शोधा.