लॉगिनची अडचण अशी सोडवली

आमच्या अभ्यासक मंडळाच्या ऑनलाइन व्यासपीठाचं तांत्रिक काम मी दादरला घरून बघतो. एका अंध संशोधक ताईंचा फोन आला, "दादा, तीन दिवस झाले, आत शिरताच येत नाहीये." मी थेट कलिन्याला त्यांच्याकडे गेलो.

त्या एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतात. टॅब दाबला, तर ईमेलच्या चौकटीवर नुसतं "एडिट, ब्लँक" ऐकू आलं. "ईमेल" हा शब्द शेजारी दिसत होता, पण कोडमध्ये चौकटीला जोडलेलाच नव्हता. पुढे वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र. ते ओळखल्याशिवाय पुढे जाता येईना. फार वाईट वाटलं, कारण हे पान मीच बनवलं होतं.

त्याच रात्री प्रत्येक चौकटीला लेबल जोडलं. चित्र काढलं, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रोखायला सर्व्हरवर प्रयत्नांना मर्यादा घातली. पासवर्ड पेस्ट करायची बंदीही उठवली. फिकट करड्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ४.५:१ च्या वर नेला.

ऑर्किडने (ORCID, संशोधकांना ओळख क्रमांक देणारी सेवा) लॉगिन करायची सोय द्यायला मात्र आठवडा गेला. तिची १६ अंकी ओळख अनेक संशोधकांकडे असते, पण तिथला ईमेल सहसा खासगी, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारा, असतो. त्यामुळे जुनं खातं आपोआप जुळत नाही आणि एकाच माणसाची दोन खाती तयार होतात. म्हणून आधी जुन्या खात्यात शिरून मग ऑर्किड जोडायची सोय केली. ऑर्किड नसलेल्या विद्यार्थ्यांना ईमेलवर एकदाच चालणारी लिंक जाते.

परवा ताईंनी माउसला हात न लावता लॉगिन केलं आणि लगेच आपला निबंध चढवला.