फुगलेली गोधडी

जर्मनीला जायला दोन महिने उरले आणि कपाटं रिकामी करता करता आईच्या जुन्या सुती साड्या, मुलांची झबली, ह्यांचे विटलेले सदरे असा ढीग पडला. टाकवेना. विमानाच्या माणशी 23 किलो सामानात ढीग बसत नाही, गोधडी बसते. शिवायला घेतली.

पहिली पार बिघडली. मधे फुगे, कडेला चुण्या. घाईत पलंगावरच पसरून एका टोकाकडून धावदोरा घालत सुटले होते, शिवाय थरांत एक नायलॉनची साडी कोंबलेली. ती सुतावर सरकत राहते. अख्खा रविवार उसवण्यात गेला.

मग सासूबाईंचं ऐकलं. नायलॉन बाहेर. सगळं कापड धुवून घेतलं, म्हणजे आटायचं ते शिवण्यापूर्वीच आटतं. फरशीवर थर ताणून पसरले, कोपऱ्यांवर वरवंटा, डबे, जे सापडेल ते ठेवलं. मधून कडेकडे वीतवीतभर अंतराने कच्चे टाके, आणि मगच बोटभर अंतराने धावदोरा. थर चारच, जास्त झाले की सुई अडते, वजनही वाढतं.

लाल खणाचा तुकडा मात्र तीनदा धुऊनही रंग सोडत राहिला. तो काढला. पर्समध्ये ठेवलाय.