आधी बोट, मग सुई

गुडघ्यातलं पाणी काढायला मी थेट पेशंटवर शिकले. सीनियरनं एकदा दाखवलं आणि पुढच्या वेळी सुई माझ्या हातात दिली. ती दोनदा हाडाला टेकली. "अजून किती टोचशील गं?" आजींनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि स्किल लॅबला, म्हणजे पेशंटऐवजी मॉडेलवर सराव करायच्या खोलीला, महत्त्व आलं. तिथे नव्यानं शिकवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आमच्या सिलिकॉनच्या गुडघ्याची थोड्याच दिवसांत चाळण झाली. मुलांना पहिल्याच फटक्यात पाणी मिळू लागलं, मीही खूश होते. मग नीट पाहिलं तर वाटी कुणी चाचपतच नव्हतं, सुई सरळ जुन्या भोकात जात होती! तेव्हापासून मी मॉडेलवर स्टॉकिनेट, म्हणजे प्लास्टरखाली घालतात तो ताणणारा कापडी मोजा, चढवते. भोकं झाकली जातात, हाड मात्र बोटाला लागतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, वाटीची वरची आणि बाहेरची कड जिथे मिळते तिथून बोटभर वर, बोटभर बाहेर पेनानं खूण. 18 गेजची जाड सुई वाटीच्या मागे वळवायची आणि सिरिंजचा दांडा हलका ओढत पुढे जायचं. कधी मी स्टॉकिनेटवर लाल मार्करनं मोठा डाग काढून ठेवते. सुजलेल्या, लाल त्वचेतून सुई घालायची नसते. तिथे जो थांबतो, त्याला माझे पूर्ण गुण.

शिकवताना पेटन नावाच्या सर्जननं सांगितलेल्या चार पायऱ्या वापरा. आधी न बोलता करून दाखवायचं, मग समजावत. तिसऱ्या वेळी विद्यार्थी सांगतो आणि आपण करतो. चौथ्या वेळी तो स्वतः बोलत करतो. वेळ नाही म्हणून बहुतेक जण तिसरी गाळतात, पण खरं शिकणं तिथेच होतं. "मग सुई घालायची," असं तो म्हणाला की मी हात थांबवते आणि विचारते, "कुठे?"

मॉडेलच्या आतल्या पिशवीत नेहमी पिवळंच पाणी नको. पाण्यात थोडं दूध घातलं की पू वाटतो. मग नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायला सुचतं का, ते बघा. ग्रॅम स्टेन (नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून जंतू नाहीतच असं धरायचं नसतं, हेही तेव्हाच सांगा. लाल पाण्यावर तेलाचे थेंब दिसले, तर सांध्यात फ्रॅक्चर आहे का ते शोधायचं.

मॉडेल कण्हत नाही. म्हणून उशाशी एका विद्यार्थ्याला बसवते, तो पेशंट होतो. सुई उचलण्याआधी त्याच्याशी बोलायचं, काय करणार ते सांगायचं, संमती घ्यायची. परवा एक मुलगी म्हणाली, "आजी, आता नुसतं बोटानं बघतेय हं." हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.